अँटेना इंदापूरकडंच राहील

रविवार, ११ एप्रिल १९९३

आज दादासोनं मला खुर्चीवरून उठवलं. चारचौघांत. टीव्ही चालू असताना. वरकुट्याचे पाहुणे आले म्हणून. म्हणाला, "मोहन, तू जरा खाली बस, पावण्यास्नी बसू दे." पाहुणा म्हणजे कोण, तर त्याच्या मेव्हण्याचा साडू. मी चुलतभाऊ. कारखान्यात काट्यावर क्लार्क. ऊसवाले मला लांबून नमस्कार घालतात. अशा मला पोत्यावर बसवलं. आईनं बघितलं आणि तिकडं तोंड करून रविवारची देवाची मालिका बघत बसली.

ठरलं. पुढच्या महिन्यात रस्त्यापलीकडचं आपलं नवं घर पुरं होतंय. स्लॅबचं. त्यात स्वतःचा कलर टीव्ही. वास्तुशांतीला सगळ्या भाऊकीदेखत दादासोला पोत्यावर बसवणार. शेवटच्या रांगेत, खांबामागं. तोवर त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही.

बुधवार, १४ एप्रिल

बारामतीला जाऊन टीव्ही आणला. बूस्टर, वायरचं अख्खं बंडल आणि सोळा काड्यांचा अँटेना. दादासोचा आठ काड्यांचा आहे. दुकानदार म्हणाला, बसवायला माणूस पाठवतो. नको म्हणालो. मी अकरावी सायन्सला होतो. (नापास नाही. परीक्षेला बसलोच नाही.)

आईला सांगितलं, आता तू नव्या घरात माझ्याकडं टीव्ही बघायचा. म्हणाली, "दिसला तर यीन. न्हायतर मी हितंच बरी. बानू च्या देती, मालिका दावती." बानू म्हणजे दादासोची बायको. आमच्या जुन्या घराच्या मधल्या भिंतीपलीकडं राहतात. म्हणजे आम्ही गेल्यावर आई त्यांच्याच जिवावर राहणार. गाव म्हणणार, मोहननं बंगला बांधला आणि आई पुतण्याकडं टाकली. असं झालं तर मी गावात तोंड दाखवणार नाही.

मंगळवार, २० एप्रिल

वायरिंग मीच करतोय. गावचा वायरमन झुंबर दोनदा येऊन बघून गेला. दोन्ही वेळा काहीच बोलला नाही. गार पडला असणार. टीव्हीची वायर प्लॅस्टरच्या आतून घेतली. दादासोची खिडकीतून लोंबते.

शुक्रवार, २३ एप्रिल

टेस्टिंग. दारावरची बेल दाबली की हॉलमधला पंखा फिरतो. स्वयंपाकघरातला दिवा न्हाणीतल्या बटणावर लागतो. बायको म्हणाली, "फोडणी टाकायच्या आदी मी न्हाणीत जाऊ व्हय?" मी म्हणालो, ही सेफ्टी आहे, चोराला बटणं सापडत नाहीत. ती म्हणाली, "घरच्यास्नी बी न्हाय सापडत." हिला सिस्टीम समजावण्यात अर्थ नाही. बेलचं तर बरंच झालं. दादासो आला तरी मला कळणार नाही.

शनिवार, १ मे

अँटेना चढवला. दोन पाइप जोडले. दादासोच्यापेक्षा चार हात वर. रस्त्यानं जाणारे मान वर करून बघतात. दादासोनंही बघितलं. मी बघतोय म्हटल्यावर बघितलंच नाही असं दाखवलं. जळतोय.

एकच अडचण होती. गावातले झाडून सगळे अँटेने पश्चिमेला, बारामतीकडं तोंड करून उभे आहेत. आणि माझ्या पश्चिमेला काय? रस्ता ओलांडला की दादासोचं दार. म्हणजे माझा सोळा काड्यांचा अँटेना जन्मभर दादासोच्या दाराकडं बघत उभा राहणार. मेलो तरी नाही.

शांतपणे विचार केला. आपला तालुका कुठला? इंदापूर. तहसील तिथं, कोर्ट तिथं, सातबारा तिथं. मग टीव्हीपुरतं बारामतीपुढं का वाकायचं? लोकांना सवय लागलीय, दुसरं काही नाही. लहरी हवेत सगळीकडं असतात, हे आम्हाला अकरावीत होतं. अँटेना इंदापूरकडं फिरवला, बोल्ट दमानं आवळले. लावून बघावंसं वाटत होतं. पण उद्घाटन म्हणजे उद्घाटन. टीव्हीची पेटी वास्तुशांतीलाच फोडायची.

शुक्रवार, ७ मे

भाऊकीला आवतण द्यायला स्वतः जावं लागतं. दादासो वयानं थोरला, त्यामुळं पहिलं आवतण त्याचंच. त्याला टाळलं तर बाकीचे जेवायला येत नाहीत. पण दारात पाय ठेवायचा नाही असं ठरलेलं. म्हणून पायरीखाली उभा राहून हाक मारली. बानूवहिनी म्हणाल्या, "आत या की भावजी, असं परक्यावानी का?" घाई आहे म्हणालो. मग त्यांनी चहा बाहेर आणला. घेतला. बाहेर घेतलेला चहा धरत नाहीत.

दादासो म्हणाला, "येतो की. काय लागलं सवरलं तर सांग." लागेल तेव्हा सांगीन. खताचं एक जुनं पोतं बघून ठेवलंय.

रविवार, ९ मे, सकाळी

भटजींना सांगितलंय, मालिकेच्या आत आवरा. ते म्हणाले, ते सांगायला नको, त्यांचाही एक भाग अजून चुकलेला नाही. आई पहिल्या रांगेत बसलीय, नवं लुगडं नेसून. तिचं अंथरूण कालच इकडं आणलं. दादासोला खांबामागं पोत्यावर बसवलं. गुमान बसला. काळजात थंड वाटलं. आज मी सुखी आहे.

त्याच दिवशी, दुपारी

टीव्हीपुढं नारळ फोडला, बटण दाबलं. मुंग्या. पडदाभर नुसत्या मुंग्या, आणि तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज.

बूस्टर तापतोय, असं जाहीर केलं. लोक थांबले. मग सांगितलं, मागूनच बिघाड असणार, आज सगळ्या गावात हीच बोंब. तेवढ्यात रस्त्यापलीकडून मालिकेचा शंख वाजला. बानूवहिनींनी त्यांचा लावला होता. हे ठरवून केलेलं आहे.

आधी पोरं उठली. मग बायका. मग सोवळं सावरत भटजी. माझी बायकोही गेली, पाहुण्यांकडं बघायला म्हणून. आई मात्र थांबली होती, हे लिहून ठेवतो. मग म्हणाली, "देवाचं हाय बाबा, चुकवू न्हाय. आले बघून."

हॉलमध्ये मी आणि दादासो. खांबामागून म्हणाला, "मोहन, अँटिना बारामतीकडं फिरव, टॉवर तिकडं हाय. मी चढू का वर?" वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माझ्या स्लॅबवर चढायची हौस! म्हणजे चित्र आलं की आयुष्यभर सांगत सुटणार, मी आणलं म्हणून. मी म्हणालो, आमचं आम्ही बघू. तो उठला. पोत्याची घडी घालून कोपऱ्यात ठेवली आणि गेला. असा माणूस फार धोकादायक.

मंगळवार, ११ मे

दुसरा बूस्टर लावला. मुंग्या मोठ्या झाल्या. प्रगती आहे.

गुरुवार, १३ मे

जगात बारामती सोडून तीन दिशा आहेत. तिन्ही बघून झाल्या. शेवटी परत इंदापूरवरच आणला. तिथल्या मुंग्या जरा शिस्तीत आहेत. झुंबर येऊन म्हणाला, "मोहनराव, एक बोल्ट ढिला करायचं काम हाय, मी करतो की." म्हणजे झुंबरलाही दादासोनं फितवला. मी त्याला विचारलं, तू इंदापूर तालुक्याचा का बारामतीचा? तो सासुरवाडीचं नाव सांगून निघून गेला. कोऱ्हाळ्याची. तालुका बारामती. शंका खरी ठरली.

नवी योजना: दादासोचा अँटेना वाऱ्यानं पडावा. अजून वारा नाही.

शनिवार, १५ मे

आई सहा दिवस राहिली. आज दुपारी तिनं स्वतःच अंथरूण गुंडाळलं. म्हणाली, "उद्या रईवार हाय." मी म्हणालो, उद्यापर्यंत टीव्ही दिसेल. ती म्हणाली, "तू उगं जिवाला घोर लावून घिऊ नगं. मी काय लांब चालले व्हय? रस्त्यापलीकडं तर हाय." रस्ता ओलांडेपर्यंत मी दारात उभा होतो. वाटेत दोघांनी तिला विचारलं, कुठं निघाली म्हणून. तिनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मला फार वाईट वाटलं. हे सगळं दादासोमुळं.

रविवार, १६ मे

बायको आणि पोरंही तिकडं गेली. जाताना बायकोनं विचारलं, येताय का. मी बूस्टरची वायर काढून परत लावली.

घरात बसून काय करायचं, म्हणून गच्चीवर गेलो. अँटेनाचे बोल्ट बघायचे होते. बोल्ट ठीक आहेत. सहज समोर नजर गेली. दादासोच्या बाहेरच्या सोप्याचं दार उघडं होतं. गच्चीवरून त्याचा टीव्ही दिसतो. ब्लॅक अँड व्हाइट, आणि जरा तिरका, पण दिसतो. घर उंच बांधल्याचा हा एक फायदा. टाकीला टेकून बसलो. आवाज येत नव्हता. देव कुठला आणि राक्षस कुठला, ते मुकुटावरून धरून चाललो.

आई अगदी पुढं बसली होती. मध्येच मागं वळून तिनं वर बघितलं. मी खाली वाकलो. पुन्हा डोकं काढलं तेव्हा ती दादासोला काहीतरी सांगत होती. दादासो उठून टीव्हीजवळ गेला. म्हटलं, आता बंद करणार. करू दे. याचाही हिशेब चुकता करीन.

त्यानं टीव्ही हळूच गच्चीकडं फिरवला आणि आवाज मोठा केला. आई मान वाकडी करून तिरकं बघत बसली.

हा माझा जाहीर अपमान आहे. ताबडतोब खाली येणार होतो. भाग संपल्यावर आलो.