दांड्यावरचा दुसरा माणूस

जळगाव, ३ फेब्रु. १९८७
प्रेसचा दांडा उलटला. पत्र्याला भोकं पाडणारं ते जुनं धूड. दांडा डोक्याच्या वर, दोघांनी लटकून ओढायचा. रामदासचा खांदा मधेच गेला, हात सुटला, दांडा गर्रकन फिरून भिकाच्या तोंडावर. दात खाली, रक्त पत्र्यावर. शेठ म्हणाले, "नीट धरायला काय होतं?" वर्कशॉपची ड्रॉइंगं मी करतो. मशीन बदलायचंच.

११ फेब्रु.
सगळ्यांच्या कोपराची उंची मोजली. रामदासला म्हटलं, उजवा हात वर कर. कानापर्यंतही जाईना. धुळ्याकडचा माणूस, हसत म्हणाला, "भाऊ, सदरा बी बायको घाली देस." मला हसू आलं नाही.

२४ मार्च
नवा दांडा बसला. कमरेच्या उंचीवर, मागे वजन बांधलेलं, जोर पायाने, खालचा पायटा दाबून. भिकाने एकट्याने चालवला. बोळक्या तोंडाने ओरडला, "साहेब, लोणी!" रामदासनेही चालवून पाहिला. दोनदा, तीनदा. सोडेचना. घरी येताना जिलबी घेतली.

२८ मार्च
शेठनी रामदासला काढलं. "एकाने भागतंय, दुसरा कशाला?" आणि खांदाही गेलेला, म्हणे. भांडलो. शेठ शांत. "तुमच्याच डोक्याची कमाल आहे, साहेब."
खांदा गेला कुठे? याच प्रेसवर ना!

१ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय.
दुपारी रामदास डाव्या हातात घण घेऊन आत आला. पहिला घाव पायट्यावर, दुसरा वजनावर. आडवा गेलो. तिसरा माझ्या गळ्याजवळच्या हाडावर. कडकन आवाज झाला, तो माझाच. माझ्या तोंडाशी येऊन ओरडला, "मना खांदा खादा, आते मना घास बी खादा! घर जाईसनी काय सांगू?"
मग भिका धावला. घण हिसकला, रामदासला खाली पाडून लाथा घातल्या, पोटात, तोंडावर. "परत वर लटकायला लावतो का आम्हाला?" इतकी वर्षं एका दांड्याला लटकलेले दोघे. मी थांब थांब म्हणत होतो. कुणी थांबलं नाही. शेवटी रामदास हलेना, तेव्हा भिकाच रडायला लागला.

३ एप्रिल, सिव्हिल
रामदास पलीकडच्या वॉर्डात. डोळा बंद. दाराशी पोलीस. त्याची बायको आली, माझ्या खाटेच्या पायाशी उभी राहिली. काही मागितलं नाही. "त्यास्ना उजवा हात वर जात नही, माहीत शे ना तुमले?" एवढंच.
हवालदार विचारतो, घण कुणी मारला? लाथा कुणी? म्हटलं, डोकं दुखतंय, उद्या या.

४ एप्रिल
सकाळी शेठ मोसंबी घेऊन आले. पायटा दुरुस्त होतोय. मागच्या शेडमधल्या दोन्ही प्रेसना असाच दांडा हवा, ड्रॉइंग कधी देता? तिथे चौघं लटकतात. चौघांचेही खांदे मी दाबून पाहिलेत, आतून कुरकुरतात.
म्हटलं, आधी लिहून द्या, कुणाला काढणार नाही. शेठ हसले. मोसंबी सोलायला लागले.
हवालदार बाहेर बाकावर बसलाय.