चार जाड तारा आणि सोमवारचं कार्ड

आसगाव, ता. पवनी
रविवार, २८ नोव्हेंबर १९८२

तीर्थरूप वासुदेवराव भाऊजींच्या चरणी आसगावच्या पुंडलिक मास्तरचा वाकून नमस्कार, आणि गोदाबाईला वेगळा नमस्कार (ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण आहे, हे ती कोणाला विसरू देत नाही म्हणून). तुमचा गुडघा आता कसा आहे? माझ्या अंदाजाने एव्हाना बरा झाला असावा, कारण आमच्या पुष्पाला दाखवायचा कार्यक्रम होऊन आज आठ दिवस झाले आणि तुमचा गुडघा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धरतो नि दुसऱ्या दिवशी सुटतो. इकडे सर्व ठीक. हलका धान कापून झाला, भारी उभा आहे. सौ. मंदाबाईची कंबर आणि शाळेचं छप्पर दोन्ही पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतील असं वाटतं. मी सोमवारी लिहिलेलं कार्ड तुम्हाला मिळालं असेल किंवा नसेल. त्याविषयी शेवटी लिहितो, कारण आधी तुमच्याशी भांडायचं आहे.

भाऊजी, हे स्थळ तुम्ही आणलंत. तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. मुलगा ईश्वर, वय सव्वीस, जवाहरनगरला कारखान्यात कायम नोकरी, राहायला क्वार्टर, स्वभाव शांत, निर्व्यसनी, आणि "जिल्ह्यात नावाजलेला कलावंत, तंतुवाद्य वाजवतो, गाणी स्वतः रचतो." यातला एकही शब्द खोटा नाही, हे मी मान्य करतो. पण तंतुवाद्य म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाने काय समजावं? मी बावीस वर्षं गावच्या खडी गंमत मंडळीचा, ढोलकी-तुणतुण्यावर उभ्याने गाणारा शाहीर. सारंगी समजलो, फार तर सतार समजलो, आणि गावभर तसं सांगूनही बसलो. त्यामुळे त्या रविवारी माझ्या ओसरीवर जी माणसं जमली त्यांतली निम्मी मुलीचा कार्यक्रम पाहायला आलीच नव्हती. ती सतार ऐकायला आली होती.

मुलाचे वडील तुलारामजी भला माणूस. मूळचे आंबागडचे, जंगलखात्यात लाकूडतोडीवर होते, आता मुलाजवळ राहतात. पोहे खाता खाता त्यांनी मुलाची सगळी कारकीर्द सांगितली, ती ऐकून मी पोहे तसेच ठेवले. या पोराने पहिलं वाद्य वयाच्या पंधराव्या वर्षी घरच्या सागवानी पलंगाची बाजू कापून केलं (तेव्हापासून तुलारामजी जमिनीवर झोपतात आणि त्याने पाठ सुधारली म्हणतात). तारा मिळेनात म्हणून वडिलांच्या सायकलचे ब्रेकचे वायर काढून लावले आणि सांगायचं विसरला. तुलारामजी सकाळी उतारावरून निघाले ते थेट तलावात गेले. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाला मारायला हात उचलला, तेव्हा पोरगा म्हणे डोळे मिटून एकच तार छेडत बसला होता आणि त्या आवाजाने अंगणातली बादली थरथरत होती. त्यांनी हात खाली घेतला. का घेतला ते त्यांनाही सांगता येत नाही.

पुढे कारखान्याच्या वसाहतीत बँड निघाला. ढोल वाजवणारा बंगाली, सहा तारांच्या गिटारीवर मल्याळी, गाणारा पंजाबी आणि चौथा आमचा हा. बँडचं नाव इंग्रजी आहे आणि चौघे ते चार तऱ्हांनी उच्चारतात. जे वाजवतात त्याला रॉक म्हणतात. पण गाणी मात्र ईश्वर रचतो आणि तीही आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत. एक तुलारामजींनी म्हणूनच दाखवलं, "सायरन झाला, गाडी आली, भाकर चुलीवर राहून गेली." (खरं सांगतो, चाल वाईट नाही. दोन दिवस ती माझ्या डोक्यातून गेली नाही आणि तिसऱ्या दिवशी मी वर्गात पाढे त्या चालीवर घेतले.) हे गाणं म्हणे वसाहतीतल्या सगळ्या बाया धुणं धुताना म्हणतात. तुमसर, गोंदिया, बालाघाटपर्यंत बँडला बोलावणं असतं. नागपूरच्या पेपरात एकदा फोटोही आला, तो तुलारामजी फ्रेम करून सोबत घेऊन आले होते. मी चष्मा लावून पाहिला. पंजाबी पूर्ण दिसतो, मल्याळी पूर्ण दिसतो, बंगाल्याचे केस दिसतात, आणि उजव्या कडेला एक कोपर आहे. ते कोपर तुमच्या नावाजलेल्या कलावंताचं.

मग मी, मुलीचा बाप म्हणून मोठ्या तोऱ्यात म्हणालो की आमच्या मुलीला गाणं म्हणायला लावायची पद्धत जुनी झाली, आज कलावंतानेच काही ऐकवावं. पोरगा आधी नको म्हणाला, एकट्याने वाजवायचं हे वाद्य नाही असंही म्हणाला. मला वाटलं विनय. संध्याकाळी पवनीला कार्यक्रम असल्यामुळे वाद्य सोबत होतंच. त्याने ते काढलं, बेस गिटार म्हणे. नांगराच्या दांडीएवढं लांब आणि त्यावर फक्त चार तारा, त्याही बैलाच्या कासऱ्याएवढ्या जाड. एक काळी पेटी विजेला जोडली. सगळे सावरून बसले. आणि धुम्म, धुम्म, धुम्मधुम्म असं सुरू झालं. आम्ही वाट पाहत राहिलो. तो डोळे मिटून वाजवतो आहे, आम्ही माना डोलवायला तयार बसलो आहोत, आणि गाणं काही सुरू होत नाही. स्वयंपाकघरात फडताळावरची पितळेची झाकणं खणखणू लागली. शेळी खुंट्याजवळ बसली ती उठेना. पंधरा मिनिटांनी त्याने वाद्य खाली ठेवलं, तेव्हा लाउडस्पीकरवाल्या बाबुलालने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "सुरू कवा होते जी?" त्यावर पोरगा शांतपणे म्हणाला, "झालं ना जी."

भाऊजी, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून विचारात घ्या. गाव तीन दिवस हसलं. शाळेत पाचवीच्या वर्गात मी शिरलो की मागच्या बाकावरून बारीक धुम्म येई. सोमवारी सकाळी रागाच्या भरात मी ते कार्ड लिहिलं आणि पोस्टात टाकायला पुष्पाच्याच हाती दिलं (ती शिवणवर्गाला पवनीला जाते, पोस्ट वाटेतच आहे). पोरगी ते घेऊन गेली. आदल्या रात्री मात्र तिने एवढंच म्हटलं होतं, "बाबा, मले पोरगा पसंत आहे. तुमच्या समोर खोटं वाजवलं नाही त्यानं." मी तिला म्हणालो की लग्न झाल्यावर तुझी झाकणं रोज वाजतील तेव्हा कळेल.

आता मंडईचं सांगतो. शुक्रवारी आमची मंडई होती, दिवाळीनंतरची गावजत्रा, आणि मंडईला पाहुणे बोलवायचे ही रीत तुम्हाला माहीतच आहे. आमच्या मंदाबाईने त्या रविवारीच, म्हणजे धुम्म होण्याच्या आधी, तुलारामजींना आणि मुलाला अगत्याचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. कार्ड तुमच्याकडे जाणार, तिथून तुम्ही त्यांना कळवणार, तोवर त्या बिचाऱ्यांना काय पत्ता? दोघे बाप-लेक शुक्रवारी सकाळच्या गाडीने हजर, आणि पोराच्या खांद्यावर ते लांबडं वाद्य नि हातात काळी पेटी, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा कुठे तरी कार्यक्रम होता. दाराशी आलेला पाहुणा, जेवू घालावंच लागलं. त्यातच दुपारी खडी गंमत उभी राहायची आणि आमचा तुणतुणेवाला गोमाजी हात बांधून आला. धान कापताना विळा लागला होता. तुणतुण्याशिवाय मी गाऊ कसा? मी डोक्याला हात लावून बसलो, तर आतून मंदाबाई म्हणाली, "चार तारांचा माणूस घरी जेवून राहिला आणि तुमाले एका तारेची चिंता?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. पण खरं लिहितो, माझ्या मनात पाप होतं. म्हटलं, उभा राहू दे मंडईत सगळ्या पंचक्रोशीसमोर, वाजवू दे धुम्म, म्हणजे पुष्पाच्या डोळ्यांवरची पट्टी आपोआप सुटेल आणि मला वाईट व्हायला नको. बाबुलालने आपल्या जनरेटरवरून वायर ओढून दिली. मी फेटा बांधून पुढे, ढोलकीवर हिरालाल, आणि मागे, गोमाजी जिथे उभा राहतो तिथे, हा.

मी गण सुरू केला. भाऊजी, मी बावीस वर्षं गातो आहे आणि मी चढ्या आवाजाचा शाहीर म्हणून ओळखला जातो. आता कळलं की मी दुसऱ्या कडव्यापासून पळतो. हिरालाल माझ्यामागे पळतो, गोमाजी दोघांच्या मागे पळतो आणि शेवटी आम्ही तिघे धापा टाकत कसेबसे एका ठिकाणी पोचतो. लोकांना वाटतं हीच आमची पद्धत. त्या दिवशी मी पळायला गेलो आणि मला पळताच येईना. मागून तो जाड आवाज पायाखाली फरशी घालावी तसा येत होता, आणि मी जिथे पाय टाकीन तिथे जमीन होती. माझा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. बराच बरा आहे, भाऊजी. मागच्या बाया उठून पुढे आल्या, आणि पहिल्याच लावणीला पुन्हा, पुन्हा असा गलका झाला. मी मनात म्हटलं, पुंडलिका, आज तुझा दिवस आहे.

तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर चिवडेवाल्याने आपली हातगाडी सरकवली. तिचं चाक वायरवर गेलं आणि पेटीतून वायर सुटली. आवाज बंद. मला आधी कळलंच नाही काय झालं. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा मी तोल जाऊन थांबलो. हिरालालचा हात हवेत राहिला. आणि हजारेक माणसं, ज्यांतल्या एकानेही तोवर त्या पोराकडे पाहिलं नव्हतं, ती सगळी एकदम त्याच्याकडे पाहू लागली. तो वाकला, वायर लावली, माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, दोनदा धुम्म केलं आणि मला माझं कडवं जिथे सोडलं होतं तिथे आणून उभं केलं. परत कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

नंतर सरपंचांनी हार घातला तो मला. फोटो काढला तो माझा (कोपर कोणाचं येईल ते तुम्ही ओळखा). पानठेल्यावर लोक म्हणाले, मास्तरचा आवाज यंदा फुलला. मी हार घालूनच घरी आलो, तर पोरगा अंगणात वायरची गुंडाळी करत बसला होता. मला लाज वाटली, भाऊजी. आयुष्यभर मुलांना खरं बोला शिकवलं आणि दुसऱ्याचा हार गळ्यात घालून घरी आलो. मी हार काढला नि त्याच्याजवळ बसून विचारलं की बाबा रे, तुला वाईट नाही का वाटत, एवढं वाजवतोस आणि कोणाचं लक्षच नाही.

तो म्हणाला, "लोकं तुमच्याकडं पाहून राहिले होते ना जी. म्हंजे माहं काम बराबर झालं."

स्वयंपाकघराच्या दारात पुष्पा उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. ज्याच्या घरात जाईल तिथे तिला कधी पडू न देणारा, आणि ते कोणाला न सांगणारा माणूस तिने पंधरा मिनिटांच्या धुम्मधुम्ममध्ये ओळखला होता. मला ओळखायला फेटा बांधावा लागला.

असो. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तंतुवाद्य हा शब्द तुम्ही लिहायला नको होता. या स्थळाबद्दल माझं मत काय ते आता तुम्ही ओळखालच. गोदाबाईला सांगा की लाडू पोचले, त्यांतले चार वाटेत फुटले होते ते मी खाल्ले आणि बाकीचे न फुटलेलेही मीच खाल्ले.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
पुंडलिक

ता. क. : भाऊजी, पायावर डोकं ठेवतो. सोमवारच्या कार्डात मी हे स्थळ आम्हाला मंजूर नाही असं लिहिलं आहे, आणि मुलाबद्दल असे दोन शब्द लिहिले आहेत जे मास्तरने लिहू नयेत. ते कार्ड मिळालं असेल तर बंबात घाला. तुलारामजींना कळवलं असेल तर गुडघा कसाही असो, पहिल्या गाडीने जवाहरनगरला जा आणि मेहुणा वेडा आहे असं सांगा. तुम्हाला ते सांगायला जड जाणार नाही. दोन रात्री झोप नाही.

दुसरा ता. क. : नागपूरला त्या वाद्याच्या तारा मिळतात म्हणे, सर्वांत जाड, चार. साक्षगंध ठरलं तर मुलाला द्यायच्या आहेत. मंदाबाई अंगठी म्हणते. अंगठीने तार दाबता येत नाही हे तिला समजत नाही.

तिसरा ता. क. (वेगळ्या अक्षरात) : आतोबांना आणि आत्याबाईंना पुष्पाचा नमस्कार. हे पत्रसुद्धा बाबांनी मलाच टाकायला दिलं आहे. सोमवारचं कार्ड माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, तुम्ही काळजी करू नका आणि कुठे जाऊ नका. बाबांना मात्र एवढ्यात कळवू नका. दोन दिवसांपासून भीतीने हळू चालतात, हळू बोलतात, आणि काल भजनात पहिल्यांदाच कुठे पळाले नाहीत.