मारुतीपाशी उतरणं

आबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि इकडे मी एका जर्मन माणसाच्या नादाला लागलो आहे. तो सायकलस्वार आहे, शर्यती हाच त्याचा धंदा. डेपोतून घरी आलो की हातपाय धुतो, देवापुढे दिवा लावतो आणि मोबाईलवर त्याच्या शर्यती बघत बसतो. त्यातलं इंग्रजी डोक्यावरून जातं, म्हणून नुसत्या पाठी बघतो. हा उंच, हडकुळा माणूस तासन्‌तास सगळ्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घेतो. त्याच्याच संघाचा एक बुटका गडी त्याच्या चाकामागे दडून असतो. मधेच हा मागे जाऊन संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घेतो, सदऱ्यात पाठीवर कोंबतो आणि पुढे येऊन आपल्या माणसांना वाटतो. शेवट जवळ आला की तो बाजूला होतो, पाय सैल सोडतो. बुटका सुसाट जातो, जिंकतो. हा मात्र कितीतरी जण पोचल्यावर सावकाश येतो. तरुणपणी त्यानेही काही शर्यती मारल्या होत्या. मग एकदा पडला, खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि पुढची सगळी वर्षं हेच काम केलं. यंदा त्याने शर्यती सोडल्या. शेवटच्या दिवशीही तो तसाच बाजूला झाला, आणि मला एकदम तुम्ही दिसलात.

चैत्रातली आपली यात्रा. इस्लामपूरहून साध्या सायकलींची शर्यत सुटते, आणि शिराळ्याकडून येणारा वारा वाटभर तोंडावर असतो. तुम्ही रोज त्याच रस्त्याने कारखान्यावर जाता-येता, त्यामुळे तो वारा तुमच्या ओळखीचा. तुम्ही पुढे, आणि मिलिटरीतून रजेवर आलेले काका तुमच्या मागच्या चाकाला. गाव दिसू लागतं, वेशीबाहेरचा मारुती येतो, आणि तुम्ही उतरता. चपला काढून हात जोडता. त्या देवासमोरून सायकलवर बसून तुम्ही जात नाही, कामावर जातानाही नाही. तोवर काका वेशीतून आत, हलगी कडाडते, त्यांना फेटा बांधतात. दर वर्षी हेच. पारावरची माणसं म्हणायची, "आवं, मारुतीला म्हणावं, आजच्या दिस तेवढं तोंड फिरवून बस." तुम्ही म्हणायचात, "त्यो कुटं काय म्हणतोय? माझंच पाय थांबत्यात." मी घरी येऊन चुलीपुढे कुरकुरलो की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "फेटा आला न्हवं घरात? मग कुणाच्या डोस्क्यावर हाय, त्याचं काय करायचं?"

माझे वडील देवभोळे म्हणून हरतात, असं मी धरून चाललो होतो. त्या जर्मन माणसाने मनात किडा सोडला. ती जागा देवाची होती, की भावासाठी हेरलेली? काका आता साताऱ्यात राहतात. गेल्या महिन्यात मुद्दाम गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सरळच विचारलं, "काका, आबा मारुतीसाठी थांबायचं का तुमच्यासाठी?"

"मला काय ठावं रं? मला फुडचं काय दिसत न्हवतं. नुसती त्याची पाठ, आन घामानं भिजल्याला सदरा."

"कधी विचारलं नाही?"

"ईचारलं असतं तर फेटा डोस्क्यावर ऱ्हायला असता व्हय?" ते हसले. मग म्हणाले, "मला रजा मिळाली न्हाई त्या सालाला तू हुतास की गावात. तवा काय केलं त्यानं?"

मी होतो. दहावीत होतो, मारुतीच्या कट्ट्यावर उभा. तुम्ही लांबून एकटेच येताना दिसता, मागे बाकीचे बारीक ठिपके. मी सायकल धरायला पुढे होतो. तुम्ही उतरत नाही. मान खाली, डावा हात हँडलवरून क्षणभर उचलता, आणि निघून जाता. पण वाटभर वारा खाऊन पायांत काही उरलेलं नसतं. वेशीच्या तोंडाशी शिराळ्याचा एक पैलवान गडी तुम्हाला मागे टाकतो. त्या दिवशी पारावर कोणी चेष्टा केली नाही. संध्याकाळी तुम्ही नारळ घेऊन चालत मारुतीला गेलात. मी सोबत होतो. मला वाटलं, माफी मागायला चाललेत. पण परतताना तुम्ही शीळ घालत होता.

हे सगळं मी काकांना सांगितलं. "म्हंजे त्याचं पाय दरसाली थांबत न्हवतं," असं म्हणून त्यांनी टकलावरून हात फिरवला, फेटा जागेवर आहे का ते चाचपून बघावं तसा.

तरी माझं कुतूहल संपत नाही. कामावर जाताना मागे भाऊ नसायचा, तरी तुम्ही उतरायचातच. मग शर्यतीच्या दिवशी तुम्ही देवाला भावाच्या कामाला जुंपलं होतं, की देवाने तुम्हाला? आणि त्या एका साली न उतरता गेलात, तेव्हा आत काय झालं? जर्मन माणूस मोबाईलमधून बोलत नाही. तुम्ही तर हयात असतानाही फारसं बोलला नाहीत.

म्हणून एक सांगतो, हे मी घरातही बोललो नाही. मीही तिथे रोज गाडीवरून उतरतो. पण आज सकाळी, शनिवार असून, तुमची सायकल काढली, इस्लामपूरच्या अंगाने वाऱ्याशी झटत आलो आणि मारुतीसमोरून न उतरता गेलो. डावा हात तेवढा उचलला. वेशीपर्यंत अंगावर काटा होता, आणि लाज वाटायच्या आधी हसू आलं. नारळ आणून ठेवला आहे. हा कागद देव्हाऱ्याखाली सरकवतो आणि चालत निघतो. परतताना शीळ येते का बघतो.