केचपशिवाय

१९ जून २०२०, शुक्रवार
प्लँटमधून आले तर स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. बाहेर पाऊस, थंडी. नवरा म्हणतो, "हवा खेळती हवी." अकरा वर्षांच्या संसारात मकरंदने (यापुढे म.) एक खिडकी स्वतःहून उघडलेली नाही. उदबत्तीही लावलेली, दिवेलागणीच्या आधीच. तरी वास आलाच. मोहरीचा, पण फोडणीचा नव्हे.

२१ जून, रविवार
पुनर्वापराच्या हिरव्या बिनमध्ये सॉसेजचं रिकामं पाकीट. खंगाळून, पुसून, घडी घालून ठेवलेलं. हा माणूस दुधाचा कॅन कधी विसळत नाही. पाकिटावर लांब पाव आणि मागे अमेरिकेचा झेंडा. माल मात्र इथलाच, आयर्लंडचा.
विचारलं नाही. क्वालिटीत नोकरी करून एवढं शिकले, एका पुराव्यावर तोंड उघडायचं नाही.

२६ जून, शुक्रवार
सापडला! आज लवकर सुटले. मागच्या अंगणात शेडच्या दारात खुर्ची टाकून साहेब बसलेले. खोक्यावर लॅपटॉप, पायाशी छोटी शेगडी, हातात हॉट डॉग. शेजारी आमची आठ वर्षांची इरा पहाऱ्याला. तीच आधी बोलली, "ही'ज ग्रँड, आई. इट्स ओन्ली अ सॉसेज."
लग्न ठरताना ठरलं होतं, बाहेर काय हवं ते खा, घरात नको. माझ्या माहेरी तेच, आत्याकडे तेच. म. म्हणाला, "हे बाहेरच आहे. हॉटेलं बंद. मी उंबरठ्याच्या आत काही आणलेलं नाही."
"मग त्या दिवशी खिडक्या का उघडल्यास?"
"त्या दिवशी पाऊस होता."
हसू येत होतं, दाबलं. म्हणे नवीन टीम शिकागोची, बॉस ग्रेग. शुक्रवारी त्यांच्या लंचला सगळे कॉलवर हॉट डॉग खातात. पोळीभाजी खाल्ली तर काय नोकरीवरून काढतील?

३ जुलै, शुक्रवार
उद्या त्यांचा मोठा सण, म्हणून कॉल लांबला. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने सगळा ऐकला. मोठमोठी माणसं हॉट डॉगला सँडविच म्हणावं की नाही यावर भांडत होती. न्यूयॉर्कच्या एकाला लाल रश्शातला कांदा हवा. ग्रेग म्हणतो मोहरी, कच्चा कांदा, टोमॅटो, लोणचं, मिरच्या, बस. केचप पोरांनी लावावं, मोठ्या माणसाने लावलं तर तो तोंड फिरवतो. यात मला नवल नाही. मिसळीच्या रश्शावरून आमच्या दोन्ही काकांचा सहा महिने अबोला होता.
नवल म.चं. पोहे, उपमा, थालीपीठ, सगळ्यावर केचप. माझ्या आईच्या साबुदाण्याच्या खिचडीवरही ओतलं होतं, ते ती अजून विसरलेली नाही. आज त्याने नुसती मोहरी लावलेला हॉट डॉग कॅमेऱ्यासमोर धरला. ग्रेग ओरडला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. म.चा चेहरा बोर्डात आल्यासारखा.
बॉसच्या विनोदाला खोटं हसणं समजते मी. केचप सोडणं म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

२० जुलै, सोमवार
उद्यापासून श्रावण. म.ने शेडमध्ये गटारी साजरी केली. एकटाच, रेनकोट घालून. "श्रावण पाळणार ना?" म्हटलं. "म्हणजे काय!"

३१ जुलै, शुक्रवार
पुन्हा मोहरीचा वास. तरातरा शेडवर गेले. त्याने शांतपणे पाकीट पुढे केलं. सोयाचं होतं. खरंच सोयाचं. संशय खोटा ठरला की मला जास्त राग येतो.
म्हणजे श्रावणही पाळायचा आणि ग्रेगही. दोन्ही देव खूश.

२९ ऑगस्ट, शनिवार
गणपतीचे दिवस, आणि शेडमधून अमेरिकन इंग्रजी. पूर्वी "शेड्यूल" म्हणायचा, आता "स्केज्युल". आरतीला मात्र वेळेवर येतो.
केचपची बाटली प्रेसमध्ये तशीच. (इरामुळे मीही कपाटाला प्रेस म्हणायला लागले.) आधी महिन्याला एक लागायची.

२४ ऑक्टोबर, शनिवार
परत सगळं बंद. शेडमध्ये हीटर आला. मी प्लँटला जाते, रस्ते रिकामे.
आज वेणी घालताना इरा म्हणाली, "आई, डू दे प्ले कॅमोगी इन शिकागो?" तिचा जीव त्या काठी-चेंडूच्या खेळात.
"कोणी विचारलं शिकागोचं?"
"बाबा सेड नॉट टू से."
वेणी तिरकी झाली. परत सोडून घातली.

२५ ऑक्टोबर, दसरा
श्रीखंड केलं, पुरी केली, आणि जेवण झाल्यावर विचारलं. म. म्हणाला, ऑफर वगैरे नाही, ग्रेगने नुसता विषय काढलाय.
"नुसता विषय इराला सांगितलास. मला नाही."
तो ताटं उचलायला लागला.
माझं काय, हे विचारलं. इथल्या नागरिकत्वाच्या अर्जाला थोडाच काळ उरलाय. तिथे मला काम करता येईल? "बघू." हे "बघू" मी ओळखते. डब्लिनला आलो तेव्हाही "बघू" होतं आणि मी दोन वर्षं घरात बसले. दुपारभर खिडकीतून ट्रेन बघायची, दारावर कोणी आलं तर म.ची बायको एवढीच ओळख सांगायची. ही नोकरी माझी मी मिळवली. पुन्हा ते दिवस आले तर मी सुकून जाईन. भीती वाटते, खरंच वाटते.

८ नोव्हेंबर, रविवार
पोह्यांवर केचप घेतलं त्याने. भरपूर. इतकं बरं वाटलं की कोथिंबीर माझ्या वाट्याची पण त्याला वाढली. हॉट डॉग ग्रेगचा असेल, पोहे अजून आमचे आहेत.

२२ जानेवारी २०२१, शुक्रवार
शेडमध्ये हसण्याचा आवाज. मी चहा घेऊन गेले तर स्क्रीनवरचं एक पान पटकन बंद झालं. घराचं चित्र होतं, पुढे मोठं अंगण. "जाहिरात," म्हणाला. असेलही.

१२ मार्च, शुक्रवार
म.ने आपणहून चालायला नेलं, ॲडम्सटाउन स्टेशनपर्यंत. रिकामी ट्रेन आली, रिकामी गेली. मग म्हणाला, "ऑफर आलीय. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं. तू नको म्हणालीस तर नाही."
मी म्हणाले, "मला नको आहे."
"ठीक."
इतक्या पटकन? भाजी घ्यायला निघालो तरी हा माणूस दोनदा वाद घालतो. घरापर्यंत माझा हात धरून आला. म. गारठला होता, की त्याला वाईट वाटत होतं, कळलं नाही.

१९ मार्च, शुक्रवार
"नाही म्हणून कळवलं," म. म्हणाला. शेडचं दार लावून घेतलं, आज कॉलला बसलाच नाही.
"काय म्हणाला ग्रेग?"
"दार उघडं आहे म्हणाला."
"आणि तू?"
"थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"
माझ्यासाठी सोडलं त्याने, आणि मी नऊ महिने त्याची पाकिटं हुंगत बसले. दुकानात गेले, सोयाची सॉसेजेस आणली, पाव आणले. माझ्या तव्यावर, माझ्या स्वयंपाकघरात परतले. कांदा, टोमॅटो, मिरची, सगळं ग्रेगच्या नियमाने. शेडमध्ये नाही, टेबलावर वाढलं. म. बघतच राहिला. डोळे ओले झाले होते त्याचे, मी पाहिलं. इरा म्हणाली, "डेडली, आई!" (इथल्या पोरांच्या भाषेत झकास) आणि तिने पाव केचपमध्ये बुडवून टाकला.
मग मी बाटली म.पुढे सरकवली. आता बघायला ग्रेग नव्हता, कॅमेरा नव्हता.
"नको," तो म्हणाला. "असंच छान लागतं." आणि मोहरीकडे हात गेला.
बाटली प्रेसमध्ये ठेवून दिली. उद्या शनिवार, पोहे भिजवायचे आहेत, तेव्हा परत बाटली पुढे करून बघायची.