गरम पिशव्या

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

सरजाआत्याचा उमरखेडवरून फोन आला. "पिशव्या आधी पाण्यात तरंगत ठेवल्या होत्या ना वं?" मी हो म्हणून देल्लं. कायले म्हणलं?

आज आमच्या बायांच्या गटानं गावतलावात मासोळीचं बीज सोडलं. पिशव्यायत बीज घेऊन येणारी गाडी रस्त्यात पंचर झालती, यायले दुपार झाली. पिशव्या हाताले गरम लागत होत्या. आत्या दरवर्षी सांगते, पिशवी बंदच अर्धा घंटा पाण्यात ठेवायची, आतलं पाणी तलावाएवढं थंड झालं का मगच तोंड सोडायचं, नाही तं पिल्लं मरतात. पण नारळ फुटला, पहिली पिशवी सोडायचा मान यंदा माहा, अन् सगळ्या माह्याकडंच पाहून राह्यल्या होत्या. मी गाठ सोडून ओतलं. मग माह्यामागं सगळ्यायनं ओतलं. बाराही पिशव्या. बारा घरची वर्षाची मासोळी.

जिऱ्याएवढी पिल्लं ती. खरंच इतकी गरम होती का पिशवी? का माह्याच हाताची गरमी होती? हात अजून लुगड्याले पुसून राह्यली मी.

आत्या उद्या पहिल्या गाडीनं येते.

आत्ता तलावाच्या पाळीवर जाऊन आली. जिथं बीज ओतलं त्याच कोपऱ्यात बगळे उतरले होते. बगळे तर रोजच येतात, म्हणलं. पण जित्ती मासोळी धरायची असली का बगळा एका जागी गुमान उभा राह्यते. हे चालत चालत टिपून राह्यले होते.