ढाल जरा बाजूला

दि. ९ जानेवारी

ती. मावशीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू पलीकडून नुसतं हॅलो हॅलो करतेस आणि माझा घसा बसतो, म्हणून सरळ कागद-पेन घेऊन बसले. तुझे कान काम करेनासे झाल्यापासून माझं अक्षर सुधारलंय, एवढा तरी फायदा झाला.

रिंकवरची तुझी खोली आता माझी. हीटर अजून तसाच आधी खोकतो आणि मग तापतो. संघातल्या सगळ्या तुला अजून मोठ्या बाई म्हणतात आणि मला छोट्या बाई. चाळिशीला टेकलेल्या बाईने छोट्या म्हणवून घ्यायचं म्हणजे अतीच झालं, पण करते काय!

आता खरं दुखणं सांगते. आइस हॉकी मंडळाने मला एकाच हंगामासाठी प्रशिक्षक नेमलंय. संघ तळाला राहिला तर खालच्या गटात जाणार, आणि मग माझी खुर्चीही जाणार, असं अध्यक्षांनी चहा पिता पिता फार गोड आवाजात सांगितलं. सध्या आपण तळालाच आहोत.

तू नजरेवर आणि शिट्टीवर संघ चालवलास. माझी नजर तुझ्यासारखी नाही, म्हणून मी कॅमेरे आणलेत. एक गॅलरीत उंचावर तिवईवर पक्का बसवलाय, त्यात बर्फाचं अख्खं मैदान दिसतं. दुसरा बाबांच्या हातात. त्यांनी जन्मभर लग्नांचं शूटिंग केलं, त्यामुळे त्यांना स्टिकने मारलेली चकती दिसतच नाही, चेहरे दिसतात. इकडे गोल होत असतो आणि बाबा बाकावरच्या राखीव पोरीच्या डोळ्यातलं पाणी टिपत असतात. ही नवरी नाही, ही आपली आक्रमक आहे, असं किती वेळा सांगितलं. माणूस महत्त्वाचा, असं म्हणून ते पुन्हा जवळ जातात. मी त्यांच्या फिल्म न बघताच बाजूला ठेवते. त्यांना सांगू नकोस.

दर मंगळवारी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर चादर लावून मी संघाला सामना दाखवते. थांबवते, मागे नेते, टॅबवर बोटाने बाण काढते. सगळे बाण शेवटी एकाच ठिकाणी जातात: आपल्या गोलकीपरकडे, म्हणजे दंतवैद्याकडे. कोणी लांबून फटका मारला की ती हलेपर्यंत चकती जाळ्यात पडलेली असते. फिल्म किती हळू करून पाहिली, पण दर वेळी तिला उशीरच होतो. अध्यक्ष म्हणतात तिला बसवा. मलाही आता तसंच वाटायला लागलंय, पण ते तिला सांगणं मी दोन मंगळवार पुढे ढकललंय. शिवाय माझी दाढ तिच्याचकडे भरायची आहे.

कळावे. लोभ आहेच, तो आमच्या पराभवांच्या मानाने वाढत राहो.

तुझी,
भिंगरी

---

दि. १७ जानेवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. भावजींना सांगू नकोस म्हणतेस? अगं, त्यांनी त्यांच्या सगळ्या फिल्म तुझ्या अपरोक्ष मला पाठवल्यात, आणि भिंगरीला सांगू नका असं बजावलंय. बापलेक एकाच माळेचे मणी. सूनबाई टॅब लावून देते आणि मी दुपारभर माझ्या पोरींचे चेहरे बघत बसते. त्यांनी सोबत धाडलेली तुझी ती उंचावरची फिल्मही पाहिली, पण त्यात सगळ्या मुंग्या. कोण कुठली, कळायला मार्ग नाही.

कॅमेऱ्याने काय होतं, असं मी म्हणणार होते. पण दोन महिन्यांनी बसवालीचा रागीट चेहरा दिसला आणि डोळे भरून आले. कर्णधार झाली तरी ओठ चावायची सवय गेली नाही तिची. बस चालवतानाही असेच चावते का, विचार.

एक विचारायचं होतं. दंतवैद्य सारखी मान का काढते? खुराड्यातून कोंबडी डोकावते तशी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून तिची मान आखडली असणार. तिला उशी बदलायला सांग आणि शेकायला सांग. तिला बसवायचं की नाही ते तू ठरव. खुर्ची तुझी आहे, मी मध्ये पडणार नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती पत्रात मावत नाही म्हणून पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिलंय.

तुझी,
मावशी

---

दि. २६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उशी ठीक आहे आणि मानही ठणठणीत आहे! मावशी, तू काय शोधून दिलंस ते तुलाच माहीत नाही.

तुझं पत्र वाचून मी बाबांच्या फिल्म पहिल्यांदा उघडल्या. खरंच, प्रत्येक गोलाआधी तिची मान वळवळते. मग मी गॅलरीतली फिल्म आणि बाबांची फिल्म टॅबवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि घड्याळ जुळवून एकदम सुरू केल्या. ती डोकावते त्या प्रत्येक क्षणी तिच्या अगदी पुढ्यात आपली बसवाली उभी असते. उंचावरून दोघींमध्ये भरपूर जागा दिसते, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. बर्फावर मात्र बिचारीला चकती दिसतच नव्हती. दिसेपर्यंत गोल झालेला असायचा.

मी तिला विचारलं की बोलली का नाहीस. ती म्हणाली, बसवाली नडग्या काळ्यानिळ्या करून घेते, माझ्यासाठी अंगावर फटके झेलते, तिला बाजूला हो असं कोणत्या तोंडाने सांगू? जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडणारी, आणि हिचं स्वतःचं तोंड उघडेना.

आता अवघड भाग. गोलकीपरपुढे ढाल होऊन उभं राहायचं, हा नियम तुझा आहे. काल सरावात मी बसवालीला सांगितलं की लांबचा फटका येताना एक स्टिकभर बाजूला सरक. ती चक्क नाही म्हणाली. मोठ्या बाईंनी तिला ती जागा दिली आहे, त्या सांगतील तेव्हाच ती सोडेल, असं सगळ्यांसमोर म्हणाली. माझा चेहरा कसा झाला असेल ते बाबांच्या कॅमेऱ्यात आहेच.

तर मावशी, तिला दोन ओळी लिही ना. शेवटचा सामना बाकी आहे. तो जिंकलो तर तळातून वर येऊ, नाही तर संपलंच.

कळावे. लोभ ठेव, आणि नियम सोड.

तुझी,
भिंगरी

---

दि. २ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

नाही लिहिणार. त्या ढालीवर आपण चषक जिंकलेत. तेव्हा तू रिंकवर पडून भोकाड पसरत होतीस आणि मी तुझ्या नाकाला बर्फ लावत होते. दोन फिल्म शेजारी ठेवल्या म्हणून माझा नियम मोडीत निघत नाही. भावजी माणूस सोन्यासारखा, पण हार घालतानाच्या शूटिंगवरून हॉकी शिकवायची नसते. बसवाली बरोबर बोलली.

लोभ कमी झालेला नाही. राग आलाय, तो वेगळा.

मावशी

---

दि. ८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग चिडले. तुझीच भाची आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बाबांवरही नको. काल मी तिसरा कॅमेरा गोलच्या आत, दंतवैद्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधला आणि बसवालीला तुझ्या नियमाप्रमाणे उभं केलं. मग पोरींना लांबून फटके मारायला लावले. ती फिल्म आज वहिनींच्या टॅबवर पाठवली आहे. तिच्यावर मी एकही बाण काढलेला नाही.

तू गोलमध्ये उभी आहेस असं समज आणि बघ. चकती दिसली तर मला कळव, मी पुन्हा तुझ्या नियमाचं नाव काढणार नाही. नाही दिसली तर काय करायचं ते तुला सांगायची गरज नाही. सामना येत्या रविवारी आहे. दंतवैद्यच खेळणार, हे मी अध्यक्षांना सांगून टाकलंय. त्यांचा आवाज आता तितकासा गोड राहिलेला नाही.

रागावलीस तरी माझीच आहेस, एवढ्याच आधारावर नमस्कार करते.

तुझी,
भिंगरी

---

दि. १३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाहिली. सात-आठ वेळा पाहिली. चकती नाही दिसली. बसवालीची पाठ दिसली, दुसरं काही नाही. अरुंद रस्त्यावर बसच्या मागे अडकलं की पुढचं काही दिसत नाही, तसं झालं.

नियम तेव्हा बरोबरच होता, हे लिहून ठेव. तेव्हाची आपली गोलकीपर फटका आला की डोळे मिटून घ्यायची. तिला ढाल हवी होती. ही पोरगी डोळे फाडून बघते, हिच्यापुढची वाट मोकळीच पाहिजे. हे मला आधी सुचायला हवं होतं असं म्हणू नकोस, मीच म्हणतेय.

पत्र रविवारपर्यंत पोचणार नाही, म्हणून आज मी एक भलतंच काम केलंय. सूनबाईने त्याची फिल्म काढून तुला पाठवली आहे. हसू नका कोणी.

सामना जिंक. हरलीस तरी जेवायला ये. माझं मन नेहमीसारखं तुझ्याकडेच आहे.

मावशी

---

दि. १६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार, खरोखरचा, बर्फावर आडवी पडून घातलेला!

जिंकलो! दोन विरुद्ध एक! तळातून वर आलो!

आधी तुझ्या फिल्मचं सांगते. सामन्याच्या आधी खोलीत चादर लावली आणि कोणाला काही न सांगता ती सुरू केली. भिंतभर मोठी तू, स्वयंपाकघरात, हातात झाडू. मागे खुर्ची, म्हणजे गोल. खुर्चीत दादा, डोक्यावर पातेलं घालून, म्हणजे दंतवैद्य. तू त्याच्यापुढे उभी राहिलीस, पदर खोचलास, झाडू टेकवलास आणि टपकन एक पाऊल बाजूला झालीस. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून बसवालीला नावानिशी सांगितलंस की आता कळलं ना, आणि यापुढे छोट्या बाई सांगतील ते ऐकायचं, मला विचारायला यायचं नाही. तू इतकी मोठ्याने ओरडलीस की टॅबचा आवाज फाटला. सगळ्या हसून लोळल्या. बसवाली मात्र हसली नाही. ती उठली आणि मला म्हणाली की एक स्टिक म्हणजे नेमकं किती, दाखवा. खोलीतल्या फरशीवर आम्ही दोघींनी ते दहा वेळा करून पाहिलं.

आणि मग सामना! लांबून फटके आले आणि दंतवैद्याने एकेक असा उचलला की जणू दाढ उपटतेय. समोरच्या संघाला कळेचना की परवापर्यंत झोपलेली ही बाई जागी कशी झाली. त्यांचा एक गोल झाला तोही जवळून, धक्काबुक्कीत. आपले दोन्ही झाले ते मंगळवारी चादरीवर पाहिलेल्या चालीवर. पोरी गोल करून बाकाकडे आल्या आणि हवेत बोटाने बाण काढून दाखवायला लागल्या. माझ्या बाणांची चेष्टा करतात मेल्या, पण करू देत.

शेवटच्या मिनिटाचं मला धड काही आठवत नाही. त्यांनी सगळ्यांनी मिळून चढाई केली, कान फाटतील एवढा आरडाओरडा चालला होता, आणि एकदम दंतवैद्याच्या हातमोज्यात चकती होती. मग शिट्टी. तिला बसवा म्हणणारे अध्यक्ष तिला मिठी मारायला धावले आणि बर्फावर घसरून तिच्याच पायाशी पडले. तिने आधी त्यांचे दात तपासले. उठल्यावर त्यांनी मला सांगितलं की खुर्ची तुमचीच, हंगामाबिंगामाचा प्रश्न आता नाही.

बाबांनी त्यांची फिल्म तुला रात्रीच पाठवली आहे. या वेळी मला सांगून.

लोभ आता वाढवायला जागा उरली नसेल, तरी थोडा रेटून बसव.

तुझीच,
भिंगरी

---

दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे उदंड आशीर्वाद. हात दोन्ही तुझ्या डोक्यावर.

शेवटचं मिनिट तुला आठवत नाही म्हणतेस, तर मी सांगते. भावजींच्या कृपेने माझ्याकडे ते सगळं आहे.

त्यांनी नेहमीप्रमाणे चकतीचा नाद सोडून बसवालीचा चेहरा धरलाय. चढाई येताना तिची जुनी सवय उसळली. ती मागे सरकली, दंतवैद्याच्या पुढे, माझ्या ढालीच्या जागेवर. मी इकडे जागच्या जागी ओरडले. आणि तेवढ्यात तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं. अगं, मी तिला पोर असल्यापासून ओळखते. अडचणीत ती असंच बघायची, पण तेव्हा बाकावर मी असायचे. भावजींनी कॅमेरा ती बघत होती तिकडे नेला आणि तिथे तू होतीस. तुझा चेहरा पांढराफटक, पण हात स्थिर. तू नुसता पंजा बाजूला सरकवलास. तुला आठवतही नाही, म्हणजे विचार करून नाही केलंस. कॅमेरा पुन्हा तिच्यावर आला, आणि ती सरकली. त्या गोंधळात, एवढ्या भीतीत, एका क्षणाचाही विचार न करता सरकली. फटका तिच्या बाजूने गेला आणि दंतवैद्याने तो उघड्या डोळ्यांनी झेलला.

माझा नियम मोडला, आणि मला इतका आनंद झाला की मी फिल्म तिथेच थांबवून उभं राहून टाळ्या वाजवल्या. सूनबाई धावत आली, शेजारीण खिडकीतून हातवारे करून विचारायला लागली की काय झालं. मी सांगितलं की माझी पोर मोठ्या बाई झाली. हात अजून लाल आहेत, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय.

मंगळवारच्या फिल्म पाठवत जा, बाणांसकट. माया आहे तशीच आहे, आता तिच्यात थोडा मान मिसळलाय तो चालवून घे.

तुझी,
मावशी