सळ्या की प्लास्टर, माय

माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिण्याखेरीज काही येत नाही, म्हणून तू गेल्यावर इतकी वर्षं गप्प होतो. आज वाशीमच्या दवाखान्यात, थिएटरबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. तू न पाहिलेली तुझी नात आत आहे. मालेगावच्या रस्त्यावर तिच्या सायकलला मोटारसायकलचा धक्का लागला आणि गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. डॉक्टरीणबाईंनी हाड बसवून प्लास्टर घातलं आणि बजावलं, आठवड्यानं फोटो काढायला या, सूज उतरली की प्लास्टर ढिलं होतं. नेमक्या त्याच दिवशी घरी महालक्ष्म्या जेवायच्या होत्या. महालक्ष्म्या बसलेल्या आणि मंत्र म्हणणारा यजमान दवाखान्यात, हे तुला तरी चाललं असतं का? मी म्हटलं, प्लास्टर काय पळून जातं? मग विसर्जन आलं. आम्ही गेलो ते त्यानंतर. प्लास्टर जागेवरच होतं. हाड आत सरकलं होतं.

बाईंनी फोटो उजेडावर धरला. "सर, अजून लहान असती तं मी प्लास्टरच म्हटलं असतं. वाकडं हाड वाढता वाढता सरळ होते. पन हे आता मोठी होऊन राह्यली." भूल देऊन हाड पुन्हा बसवायचं आणि पुन्हा प्लास्टर, की हाडाच्या पोकळीत दोन लवचीक सळ्या? प्लास्टर पुन्हा ढिलं पडू शकतं. सळ्यांसाठी पायाला चिरा द्याव्या लागतात, जंतुसंसर्गाची भीती असते. "दुपारपर्यंत सांगा," म्हणाल्या. तेवढ्यात केनवडहून सासूबाईंचा फोन. "जवाईबापू, पोरीच्या पायात लोखंड कायले घालता? आमच्या इथं हाड बसवनारा हाय नं!"

हाड बसवणारा म्हटल्यावर मला तूच दिसतेस. मी ओसरीवर पडलोय, पायाला बांबूच्या कामट्या आवळलेल्या, बोटं जांभळी. तू विळा घेऊन येतेस आणि एकेक गाठ कापतेस. कामट्या बांधणारा तो माणूस ओरडतोय, "बाई, पोरगं लंगडं होईन तुयं!" आणि तू मान वर न करता म्हणतेस, "लंगडं चालन, पाय तं राहीन!" मग जऊळक्याहून रेल्वेनं अकोला, तिथलं प्लास्टर. पाय वाचला, जुळला मात्र जरा वाकडा. आता मी शिकवतो त्या वर्गातली पोरं मागून मला 'वक्रपाद' म्हणतात. समास बिनचूक असतो, म्हणून रागावताही येत नाही.

तुला ठरवायला दोन गाठींएवढा वेळ लागला. मला भल्या सकाळपासून जमेना. तू मला पंडित म्हणायचीस, त्यात कौतुक किती होतं याची आज शंका आली. सगळी स्तोत्रं आठवून पाहिली, एकाही देवतेनं नडगीबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही. पोर वाकड्या पायानं चालेल, की माझ्या शब्दावर चिरलेला पाय चिघळेल? शेवटी तीच वैतागली. भुलीसाठी तिला उपाशी ठेवलं होतं. "बाबा, काईबी ठरवा, पन लवकर ठरवा. मले भूक लागली!"

मी बाईंना म्हटलं, सळ्या घाला. शहाणपण सुचलं म्हणून नाही. माझा पाय तिला मिळू नये, एवढंच डोक्यात होतं. स्ट्रेचर आत नेताना तिनं माझी करंगळी धरली.

"एकदाच नं, बाबा?"

"एकदाच," मी म्हटलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुला सांगतो. हाड जुळलं की सळ्या काढायला तिला पुन्हा इथंच, पुन्हा उपाशीपोटी आणावं लागणार आहे. बाईंनी मला ते आधीच सांगितलं होतं.